पोळ्यांच्या डब्यावरचं नाव

दामूदादा गेला त्याला तीन महिने झाले होते, तरी रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की प्रभाताईंचा हात आपोआप फोनकडे जायचा. दर रविवारी त्या वेळेला अमरावतीहून दादाचा फोन ठरलेला. "काय गं तारे, चहा झाला का?" एवढंच विचारायला. मग दहा मिनिटं हवापाणी, त्याचे गुडघे, तिचे गुडघे, आणि ठेवू का फोन असं चारदा म्हणून झाल्यावर फोन ठेवायचा. आता साडेनऊ वाजायचे आणि वाजून जायचे.

भाऊ गेल्याचं दुःख तर होतंच. पण त्याच्या तळाशी आणखी एक दुःख होतं आणि ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची. 'तारा' अशी हाक मारणारं जगात आता कुणी उरलं नव्हतं. आईवडील केव्हाच गेले, शाळेतल्या मैत्रिणी कुठल्या कुठे पांगल्या. चोवीस वर्षं त्या तारा होत्या. त्र्याऐंशी साली लग्न झालं, आणि लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात पसरलेल्या तांदळांवर विश्वनाथरावांनी सोन्याच्या अंगठीनं 'प्रभा' असं लिहिलं. पेढे वाटले गेले. तारा संपली.

नाव का बदललं, तर सासूबाईंचं म्हणणं असं की तारा ही वालीची बायको, वालीमागे सुग्रीवाकडे नांदली. दुसरी तारा बृहस्पतीची, ती तर चंद्राबरोबर निघूनच गेली. असलं नाव आपल्या घरात नको. आता गंमत बघा, ह्याच सासूबाई रोज पहाटे पंचकन्यांचा श्लोक म्हणायच्या आणि त्या पाचांत तारा चांगली ठसठशीत आहे. देवघरात चालणारी तारा स्वयंपाकघरात चालत नव्हती. बरं, एवढ्या अट्टहासानं ठेवलेलं 'प्रभा' तरी कुणी वापरलं म्हणता? सासूबाई 'सूनबाई' म्हणत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या 'शार्दूल की मम्मी' होत्या आणि आता नोएडाच्या सोसायटीत 'आंटीजी'. विश्वनाथरावांना 'अगं' ह्या एका शब्दावर बेचाळीस वर्षं निभावता आली होती. प्रभा काय ती पासबुकात सुखानं नांदत होती.

आणि आता शार्दूलचं लग्न ठरलं होतं. मुलगी देविका, नाशिकची, दिल्लीतल्या एका संस्थेत ताऱ्यांवर संशोधन करणारी. घरची रीत अशी की सुनेचं नवं नाव सासूनं निवडायचं, म्हणजे यंदा पाळी प्रभाताईंची. विश्वनाथरावांच्या थोरल्या बहीण कुमुदिनी लग्नाच्या महिनाभर आधीच पुण्याहून येऊन ठाण मांडून बसल्या होत्या, आणि शार्दूलला जोडी म्हणून त्यांनी 'शर्वरी' मुक्रर करून टाकलं होतं. देविकाचे सगळे शोधनिबंध 'देविका' ह्याच नावानं छापलेले. शार्दूलनं एकदा आईला बाजूला घेऊन विचारलं, हे नावाचं ऑप्शनल असतं ना. प्रभाताईंनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. कुमुदिनीताईंपुढे तोंड उघडायची सवय त्यांना नव्हती, आणि रीत मोडायची म्हणजे ते उघडावं लागणार होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांनी देविकाचं केळवण केलं. जेवणाआधी ती स्वयंपाकघरात शिरली आणि नको नको म्हणताना पोळ्या डब्यात भरायला लागली. झाकण पुसताना तिला त्यावर कोरलेली अक्षरं दिसली. बेचाळीस वर्षांच्या घासण्यानं अर्धी गेलेली, पण वाचता येण्याजोगी. तिनं मोठ्यानं वाचलं, "चि. तारा हिस, दादाकडून." मग विचारलं, तारा कोण?

पाणी प्यायला आलेला शार्दूल दारातूनच म्हणाला, "ते मामानं ठेवलेलं लाडाचं नाव यार. तो आईला तारे तारे करायचा."

प्रभाताईंची तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. ती तिथंच राहिली आणि करपली.

"लाडाचं नव्हे रे," त्या म्हणाल्या. "तेच नाव होतं माझं."

एकतीस वर्षांचा मुलगा हातात ग्लास धरून उभाच राहिला. दिल्लीत वाढलेलं पोर, आईचं माहेरचं आडनाव त्याला ठाऊक होतं, पण माहेरचं नावही वेगळं असू शकतं हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यात त्याची चूक तरी किती? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग प्रभाताईंनी सांगितलं. तांदळाचं ताट, वाली, सुग्रीव, सगळं. वडील शाळामास्तर होते, ते म्हणायचे की ताराचे अर्थ तीन. आकाशातली चांदणी ही एक तारा. डोळ्यातली बाहुली ही दुसरी, कारण तिच्यातून आकाशातली दिसते. आणि पैलतीरी नेणारी ती तिसरी. सांगता सांगता त्यांना हसू येत होतं आणि आवाज मात्र आत आत जात होता. देविकानं अरेरे वगैरे केलं नाही, त्यामुळे ती त्यांना एकदम आवडली. विषय बदलावा म्हणून त्यांनी तिच्याच कामाचं काढलं.

"तुझे ते तारे संपले की त्यांचं काय होतं गं?"

"जे फार मोठे असतात ना आई, ते स्वतःवरच कोसळतात. आतल्या आत. मग प्रकाशसुद्धा बाहेर येऊ शकत नाही."

"मग तिथं काही आहे हे कळतं तरी कसं?"

"जोडीदारावरून. पुष्कळ तारे जोडीनं असतात. एक दिसेनासा झाला तरी दुसरा त्याच्याभोवती फिरतच राहतो. त्याच्या फिरण्यावरून आम्ही न दिसणाऱ्याचं वजन काढतो."

"आमचा जोडीदार आधी सोफ्यावरून हलू दे," प्रभाताई म्हणाल्या, आणि तिघंही हसले.

सोफा स्वयंपाकघरापासून चार पावलांवर. विश्वनाथराव पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही हे प्रभाताईंच्या लक्षात आलं होतं, पण त्यांना वाटलं, लागला असेल डोळा.

लग्न डिसेंबरात झालं. सकाळी एवढं धुकं की निम्मे पाहुणे अंतरपाट दूर झाल्यावर पोचले. दुपारी नोएडाच्या घरी गृहप्रवेश झाला, देविकानं माप ओलांडलं, आणि गुरुजी लक्ष्मीपूजनाला बसले. दिल्लीत मराठी गुरुजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांना पुढं मानेसरला एक वास्तुशांत होती. त्यांनी ताटात तांदूळ पसरले, शार्दूलच्या हातात अंगठी दिली आणि घड्याळाकडे बघत विचारलं, नाव काय ठरलंय?

"शर्वरी," कुमुदिनीताई म्हणाल्या.

देविकानं मान वर केली नाही. तिची बोटं शालूच्या काठाशी चाळा करत होती. प्रभाताईंना ती बोटं ओळखीची वाटली. चोवीस वर्षांची एक मुलगी अशीच काठाशी चाळा करत, आपलं नाव जाताना बघत बसली होती. त्या वेळी खोलीत कुणीतरी नुसतं नको म्हणालं असतं तरी चाललं असतं.

"देविका," प्रभाताई म्हणाल्या.

"अगं, ते तर आहेच तिचं."

"आहे म्हणूनच, वन्सं. निवडायचा मान माझा ना? मी हे निवडलं."

शार्दूलनं आत्या काही बोलायच्या आत लिहूनसुद्धा टाकलं. कुमुदिनीताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पेढ्यांचा डबा आणायचं निमित्त करून प्रभाताई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून क्षणभर उभ्या राहिल्या. आपल्याला जे मिळालं नाही ते हिला मिळालं, आता आणखी काय पाहिजे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मन काही ऐकेना. दादाला हे सांगायला हवं होतं.

डबा घेऊन त्या दाराशी आल्या तर बाहेर गुरुजी ताट उचलायला निघाले होते आणि विश्वनाथराव त्यांना थांबा म्हणत होते. गुडघ्यांमुळे गेली पाच वर्षं ते जमिनीवर बसले नव्हते. शार्दूलचा खांदा धरून, कण्हत, ते पाटावर बसले. मुलाकडून अंगठी मागून घेतली. 'देविका'च्या खाली तांदळात जागा होती. 'ता' फारच मोठा झाला आणि 'रा' जेमतेम ताटात मावला.

"विशू, हे काय?" कुमुदिनीताई म्हणाल्या. "आईला काय वाटलं असतं?"

"तेव्हा आईला विचारूनच लिहिलं होतं, ताई," ते म्हणाले. "हिला विचारायचं राहून गेलं."

गुरुजींनी घड्याळ बघितलं नाही. विश्वनाथराव तांदळाकडेच बघत होते. हाक मारायची त्यांना सवय नव्हती, कुठल्याच नावानं नव्हती, आणि सत्तराव्या वर्षी ती शिकायला माणसाला घसा खाकरावा लागतो. त्यांनी तो दोनदा खाकरला.

"तारा," ते म्हणाले.

आणि दारात पेढ्यांचा डबा धरून उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून, काही सुचायच्या आत, अमरावतीच्या परसातून द्यायची तशी खणखणीत ओ निघून गेली.