तंबूखालची उंची

मागच्या सहलीवरून परत आल्या आल्या वन्संनी जाहीर करून टाकलं होतं, "वहिनी, पुढच्या वेळी मी त्या शिडीवर पाय ठेवणार नाही. गुडघा माझा आहे, भाड्याने आणलेला नाही."

तंबू तेव्हा जीपच्या टपावर असायचा आणि शिडी भिंतीसारखी उभी. वन्सं मधोमध अडकल्या होत्या, धड वर नाही, धड खाली नाही. शेवटी वहिनींनी खांदा लावून त्यांना वर लोटलं. तेव्हा दोघी पोट धरून हसल्या, पण घरी पोचेपर्यंत वन्संचं हसू ओसरलं होतं.

वन्सं ही वहिनींची नणंद, वयाने मोठी. वहिनींचे यजमान म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ. तिघांनी मिळून तरुणपणापासून कच्चे रस्ते पालथे घातले. तो गेल्यावर नातेवाइकांना वाटलं, आता ह्या दोघी घरी बसतील. त्या बसल्या नाहीत. मात्र एकटीने जायचं नाही, हे आपसात ठरलेलं. म्हणजे एकीचा गुडघा थांबला की दुसरीचं जाणंही संपलं.

"तंबू जीपवरून काढू," वहिनी म्हणाल्या. "जीपमागे जोडतो त्या ट्रेलरवर लोखंडी रॅक बसवू, त्यावर तंबू. ट्रेलर बुटका आहे. शिडी तिरकी लागेल, जिना चढल्यासारख्या चढाल."

"तू म्हणतेस म्हणून," वन्सं म्हणाल्या.

वहिनींची सगळी नोकरी बसगाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात, नकाशे काढण्यात गेली होती. निवृत्तीनंतर नकाशांचं टेबल अडगळीत गेलं होतं, ते पुसून खिडकीशी आलं. तंबूचं वजन किती, दोघींचं किती, हे त्यांनी मांडलंच. पण त्यांचा खरा घोर वेगळा होता. झोपलेलं माणूस लोखंडाला फारसं छळत नाही. छळतो तो खड्डा. तिथे दणका बसला की रिकामा तंबूसुद्धा खांबांना गदागदा हलवतो. म्हणून त्यांनी चौकोनी पाइपांचे खांब घेतले, प्रत्येक कोपऱ्याला पत्र्याचा त्रिकोण दिला. तंबू उघडला की त्याचा अर्धा भाग ट्रेलरच्या मागे बाहेर येणार, त्याला शिडीचा टेकू, आणि त्या छपराखाली स्वयंपाकाचा खण. किती दिवसांनी वहिनी अशा रमल्या होत्या! चहा निवून जायचा आणि त्यांना पत्ता नसायचा.

काम दिलं कोपऱ्यावरच्या वेल्डरला. तो इतका संथ होता की सगळे त्याला एक्स्प्रेस म्हणत. नकाशा बघून तो म्हणाला, "काकू, खांब जरा उंच नाही वाटत?"

"खणाचं झाकण वर उघडतं ना, त्याला जागा नको?"

"बरं," म्हणाला एक्स्प्रेस. वाद घालायचीही त्याला घाई नव्हती.

रॅक तयार झाला तेव्हा वन्सं मुद्दाम कॅनव्हासचे बूट घालून वर्कशॉपमध्ये आल्या. तंबू उघडला, शिडी लावली. वहिनींनी ती बघितली. खांब उंच, म्हणून शिडी पुन्हा उभीच्या उभी होती. वन्सं चढू लागल्या. दोन-तीन पायऱ्यांनंतर गुडघा वाकेना. त्या तशाच थांबल्या आणि मग हळूच मागे मागे खाली उतरल्या.

"छान झालाय गं," त्या म्हणाल्या. "मजबूत आहे. तू कोणीतरी दुसरी सोबतीण बघ."

त्या चिडून बोलल्या असत्या तर वहिनींना चाललं असतं.

"झाकणामुळे झालं, वन्सं. झाकण उघडायला..."

"बघू तुझं झाकण." वन्संनी खण उघडला. झाकण पूर्ण वर गेलं, आणि तरी रॅकची वरची पट्टी पार लांब राहिली. वन्संनी मधल्या जागेत हात घातला, कोपरापर्यंत उभा केला, तरी तो टेकेना. "इथे तर मांजर उभं राहून आळस देईल. वहिनी, भाजी कोण चिरणार इथे?"

"आपणच."

"आपली डोकी कुठे आणि ही पट्टी कुठे! एवढं छप्पर उंटाला लागतं. नाहीतर आपल्या लांब्याला."

लांब्या म्हणजे वन्संचा भाऊ, वहिनींचे यजमान. बोलून गेल्यावर वन्संनी हात खाली घेतला.

वहिनी त्या छपराखाली जाऊन उभ्या राहिल्या. जीपचं मागचं दार, स्वयंपाकघरातला दिवा, पाहुण्यांच्या घरच्या चौकटी, सगळ्यांवर त्या माणसाचं कपाळ आपटलेलं. आपटलं की ओरडायचा, "ही उंची कोणी काढली?" आणि वहिनींकडे बघून हसायचा. त्यामुळे घरात काहीही करायचं झालं की त्यांचा हात आधी त्याची उंची धरायचा आणि मग बाकीचं. टेबलाशी बसून त्यांनी त्याची आठवणसुद्धा काढली नव्हती. हातानेच परस्पर ती उंची घेतली होती.

"मला खरंच झाकणच वाटत होतं," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "राहू दे हवा तर. मी खाली गाडीत झोपेन."

वहिनींनी खांबावर हात ठेवला. रॅक असाच ठेवला, तर त्याच्याखाली उभं राहायला तो येणार नव्हता, आणि वर झोपायला ह्या येऊ शकणार नव्हत्या.

"काय झोपताय गाडीत! पाय कुठे ठेवाल, स्टिअरिंगवर?" त्यांनी एक्स्प्रेसकडून खडू घेतला. झाकण उघडं ठेवून त्यावर हाताची वीत धरली आणि खांबावर रेघ मारली. एकेक करून सगळ्या खांबांवर. "इथून काप."

"काकू, एकदा कापलं की..."

"काप म्हटलं ना. आज तरी नावाला जाग."

ग्राइंडर लागला. ठिणग्या उडाल्या तशी वन्संनी वहिनींना दंडाला धरून मागे ओढलं आणि मग दंड सोडलाच नाही.

दुपार कलेपर्यंत पट्ट्या पुन्हा जोडून झाल्या, लोखंड निवलं. या वेळी शिडी ऐसपैस तिरकी पडली. वन्सं चढल्या: चांगला पाय आधी, दुखरा मागून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. वर पोचून त्या तंबूच्या दारात मांडी घालून बसल्या आणि वरून हुकूम सोडला, "निघायचं कधी?"

"रंग तर लागू दे," खालून वहिनी म्हणाल्या.