पाळणाघरात तीन हात

हॉलमध्ये सहा मुलं, सहा गाद्या, एक डुगडुगणारा लाकडी घोडा आणि कामाचे तीन हात होते: माझे दोन, आईचा एक. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. सोमवारपर्यंत दुसरं धडधाकट माणूस दिसलं नाही, तर मुलं दुसरीकडे ठेवू, असं पालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. मदतनीस हवी होती ती हात बरा होईपर्यंतच; पण पाळणाघर एकदा बंद पडलं की पुन्हा उभं राहत नाही, असं आई म्हणायची.

मदतनीस निवडण्याची तिची पद्धत ठरलेली. "काही विचारायचं नाही. रडणारं मूल हातात द्यायचं आणि आत निघून जायचं."

अकराला बाई येणार होती. अकराला बेल वाजली. दारातल्या बाईंच्या हातात मी रडणाऱ्या भोंग्याला दिलं. (हे टोपणनाव म्हणजे त्याच्या आवाजाचा गौरव.)

"अहो, पण मी—"

"आत्ता काही बोलू नका," म्हणत मी स्वयंपाकघरात गेले.

पाच मिनिटांत भोंगा गप्प. मी डोकावले. बाई त्याला खिडकीशी धरून समोरच्या गच्चीवरचे कपडे दाखवत होत्या.

"हे रोज करावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"सगळ्यांनाच?"

"छे, आपल्या दोघींनाच."

त्या जरा थबकल्या. "आणि महिन्याचे किती घेता?"

"घेत नाही. देतो."

"देता?"

आता दोघींच्याही कपाळावर आठ्या होत्या. तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. दारातली बाई धापा टाकत म्हणाली, "बस चुकली. तात्पुरत्या कामासाठी मला पाठवलंय."

गडबड ऐकून आई बाहेर आली. "ही कोण?"

"मदतनीस."

"मग ती?"

"ती पण. म्हणजे... मला वाटलं."

आईने खुणेने भोंग्याला दुसरीच्या हातात द्यायला लावलं. पद्धत म्हणजे पद्धत. भोंग्याने लगेच सूर लावला. नव्या बाईने त्याला ओल्या छत्रीसारखं लांब धरलं.

"याला काय होतंय?"

"काही नाही. असाच आहे तो."

"मग नको बाई," म्हणून तिने त्याला गादीवर ठेवलं आणि चपला घातल्या.

आई सोफ्यावर बसली. पहिल्या बाईंनी भोंग्याला पुन्हा उचललं.

"मी मुलीसाठी पाळणाघर बघायला आले होते," त्या म्हणाल्या. "आठ महिन्यांची आहे. तिला कुठे ठेवल्याशिवाय नोकरी शोधता येत नाही."

"मग सापडलं?" आईने विचारलं.

"काय? पाळणाघर की नोकरी?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी भोंग्याकडे. तो खिडकीकडे बघत होता.

"मुलीलाही आणायचं का?" त्यांनी विचारलं.

"मग काय घरी ठेवणार?" आई म्हणाली.

सोमवारी हॉलमध्ये सात मुलं आणि पाच हात होते. दुपारी दीडला सहा मुलं झोपलेली होती; भोंगा खिडकीशी गच्चीवरचे कपडे बघत होता.