पोकळ गोळ्या

मी बंदुकीच्या गोळ्यांचा साचा. लोखंडाचे दोन ठोकळे, त्यांना लाकडी मुठी आणि वर एक फिरती पट्टी, एवढाच माझा देह. दिसायला मी अडकित्त्याचा चुलतभाऊ. ठोकळे मिटले की माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढी पोकळी उरते. तिच्यात वितळलेलं शिसं ओततात, ते थिजलं की दांडक्याने पट्टीला ठोका देतात, मला उघडतात आणि खाली चकचकीत गोळी पडते.

अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात, थर्मन स्टॅम्परच्या घरामागच्या शेडमध्ये माझा जन्म गेला. थर्मनच्या बापाने मला आणलं, त्याच्यामागे थर्मनने वापरलं. खाणीतली नोकरी संपल्यावर तर त्याला दुसरा उद्योगच उरला नाही. टायरच्या दुकानातून तो चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं गोळा करून आणायचा, लोखंडी भांड्यात वितळवायचा, मेणाचा तुकडा टाकून मळी वर काढायचा. दुकानात तयार गोळ्या मिळतात, पण हरणाला घरच्या गोळीने पाडण्यात जी ऐट आहे ती विकतच्या गोळीत नाही, असं या खोऱ्यातले पुरुष मानतात. थर्मनचा हात सफाईदार होता. माणूस मात्र खुनशी होता, हे मी त्याच्या हातात राहून सांगतो.

त्याची एकुलती एक मुलगी अर्लीन. तिने लग्न केलं सिनसिनाटी शहरातल्या वॉरनशी. हा वॉरन दाताच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचा. लग्नानंतर तो इथेच राहायला आला, तरी हा एक दिवस पोरीला शहरात घेऊन जाणार ही भीती थर्मनच्या डोक्यातून जाईना. मग त्याने ठरवलं, याला इतकं लाजवायचं की हा एकटाच पळून गेला पाहिजे.

त्याला साधन आयतं मिळालं. शिकारीच्या मोसमात इथले पुरुष डोंगरावरच्या लाकडी खोपीत मुक्काम करतात. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा पदर सगळ्यांदेखत कापायचा आणि खोपीच्या भिंतीला खिळ्याने ठोकायचा, अशी रीत. दोन वर्षं ओळीने वॉरनचा शर्ट कापला गेला. दोन्ही शर्ट अर्लीनने शिवलेले होते.

"या जावईबापू, पाठ करा इकडे!" सुरी परजत थर्मन ओरडायचा. "दातवाल्या, हरीण काय आ करून बसणार होतं होय रे तुझ्यापुढे?"

मंडळी हसून लोळायची. त्यानंतर मोसमभर बीन्स शिजवणं आणि भांडी घासणं वॉरनकडे.

त्याचा नेम वाईट नव्हता. थर्मन त्याच्यासाठी गोळ्या वेगळ्या ओतायचा. माझं तोंड थंड ठेवायचं, शिसं चिमूटभर कमी सोडायचं, पट्टी घाईने फिरवायची. बाहेरून गोळी लखलखीत, आत बुडबुडा. अशी गोळी जवळ बरी जाते, लांबवर भरकटते. त्या गोळ्यांचा तंबाखूचा डबा थर्मन निराळा ठेवायचा.

दुसरा शर्ट फाटल्यावर वॉरन शेडमध्ये आला. "सर, मला गोळ्या ओतायला शिकवा."

"शीक की. कवळ्यांपेक्षा बरं," म्हणत थर्मनने तापलेला मी त्याच्या उघड्या हातात दिला. मुठीचं लाकूड जळून आतलं लोखंड उघडं पडलं होतं, हे सांगितलं नाही. वॉरनच्या तळव्याची कातडी मला चिकटली. थर्मन डोळे पुसेपर्यंत हसला. वॉरनने मला खाली टाकलं नाही. तेव्हाच मला त्याची धास्ती वाटली.

तो भराभर शिकला. आयुष्यभर साच्यात काहीबाही ओतणाऱ्या माणसाला बुडबुडा काय असतो हे कोणी शिकवायला नको. एके दुपारी तो डबा त्याच्या हाती लागला. त्याने एक गोळी कापली. मग दुसरी. ओरडला नाही, अर्लीनला बोलावलं नाही. डबा होता तिथे ठेवला.

थर्मनला आताशा जवळचं बारीक दिसत नव्हतं, म्हणून ओतायचं काम आपोआप जावयाकडे आलं. "फुकटचा गडी मिळालाय," तो गावभर सांगायचा. त्या वर्षी मोसमाआधी वॉरनने माझं तोंड मुद्दाम थंड ठेवलं, आणि मी काय ते समजलो.

पलीकडच्या कड्यावर मोठं नर हरीण उभं होतं. थर्मनने गोळी झाडली, ती बाजूने गेली. दुसरी झाडली, तीही गेली. जन्मात त्याचा नेम चुकला नव्हता. खोपीत आधी कोणी हसेना. मग त्याचा जुना सोबती ओटिस म्हणाला, "रीत म्हणजे रीत, थर्मन. कर पाठ." आणि मग सगळेच हसले, इतक्या वर्षांचं साचलेलं हसले.

घरी आल्याबरोबर थर्मन शेडमध्ये शिरला. त्याने उरलेल्या काडतुसातली गोळी उपसून काढली होती. "ही काप," तो वॉरनला म्हणाला.

"कशाला, सर?"

"पोकळ आहे का बघायचंय."

"पोकळ?" वॉरन शांतपणे म्हणाला. "गोळी पोकळ कशी असेल? असं कोणी करतं का?"

म्हाताऱ्याने नुसती गोळी पुढे केली. वॉरनने ती गोळी घेऊन मुठीत दडवली, तिच्याऐवजी खिशातली भरीव गोळी काढली, सुरीने कापली आणि दोन्ही अर्धुकं त्याच्या तळहातावर ठेवली. थर्मन ती बोटांनी चाचपत राहिला. कुठेच खळगा लागेना.

"मग डोळेच गेले," तो म्हणाला. थर्मनने बापाची रायफल भिंतीवरून काढली आणि जावयाच्या हातात दिली.

आता वॉरन खोपीत थर्मनच्या जागी बसतो. मला तेल लावतो, कपड्यात गुंडाळून ठेवतो. इतकं कोणी मला जपलं नव्हतं, आणि इतकी किळस मला कोणाच्या हाताची आली नव्हती.

थर्मन दिवसभर ओसरीवर बसतो. गाडी चालवत नाही, काठी टेकून चालतो. अर्लीन त्याला हाताला धरून जेवायला नेते, मांस कापून देते. त्याची लांबची नजर अजून घारीसारखी आहे, पण हे सांगणारं कोणी नाही.

परवा शेडचं दार उघडं होतं. डोंगरमाथ्यावर हरीण आलं. म्हातारा ताठ झाला. "वॉरन, बघ! आठ टोकांची शिंगं. डावं टोक मोडलंय."

वॉरनने तिकडे पाहिलं. हरीण तिथेच उभं होतं, कान हलवत. मलाही दिसत होतं.

"तिथे काही नाही, सर," तो म्हणाला. "आत चला, ऊन लागतंय."

थर्मनने मान खाली घातली आणि काठी शोधू लागला. माझ्या तोंडातून शिसं तेवढं जातं, शब्द बाहेर पडत नाही. तुम्ही कोणी त्या वाटेने गेलात, तर ओसरीवर थांबा आणि त्या दुष्ट म्हाताऱ्याला एवढंच सांगा, की हरीण होतं.