मध्येच बोलणाऱ्या बाई

बाईंना समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं कळायचं. उभा जन्म लोकांची दुःखं ऐकण्यात गेलेला, त्यात अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा. मग जीभ कसली ऐकते! आता त्या नवशिक्या समुपदेशकांना शिकवत होत्या.

आज शिकाऊ मुलीने कालच्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका बायको वारल्यापासून या मुलीकडे समुपदेशनाला येत होते. रेकॉर्डिंगला त्यांची ना नव्हती.

“हिच्या झोपेच्या गोळ्यांची बाटली अजून...” काका सांगत होते.

“टाकवत नाही ना? आठवण असते हो,” मुलीचा आवाज आला.

“हो,” काका म्हणाले, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल बोलू लागले.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. “थांबव ते. अगं, माणूस काय सांगत होता आणि तू त्याला कुठे नेलंस? शंकासुद्धा आली नाही तुला?”

“आली ना मॅडम. रात्रभर मला...”

“अपराधी वाटलं असेल. साहजिक आहे, सुरुवातीला होतं असं.”

“हो,” मुलगी म्हणाली.

अगदी काकांसारखं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी हे शिकायला दुसरीकडे कुठे गेली होती?

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “तुझं वाक्य तूच पूर्ण कर.”

बाई जीभ दाताखाली धरून बसल्या.

“रात्रभर मला तुम्हाला फोन करावासा वाटत होता. पण तुम्ही समजूत घालाल आणि मी गप्प बसेन, म्हणून नाही केला.”

बाईंना हे लागलं. पण रडत बसायची ही वेळ नव्हती. “आधी काकांना फोन लाव,” त्या म्हणाल्या.

मुलीने फोन स्पीकरवर टाकला. “काका, काल तुम्ही बाटलीबद्दल सांगत होतात. मी मध्येच बोलले. काय म्हणत होतात?”

पलीकडून नुसती घड्याळांची टिकटिक. धीर देणारी किती वाक्यं बाईंच्या ओठांवर येऊन परत गेली! मुलगीही बोलली नाही. बाईंना तिचं कौतुक वाटत होतं आणि काकांसाठी भीतीही.

“रोज ती हातात घेऊन बसतो,” काका अखेर म्हणाले. “आता माझाच मला भरवसा वाटत नाही, पोरी. कुणीतरी येऊन घेऊन जा ती.”

“निघालोच आम्ही,” मुलगी म्हणाली. “फोन ठेवू नका काका. मी ऐकतेय.”

बाई तोवर चपलांत पाय घालून दाराशी पोचल्या होत्या.