सातवा मुद्दा

घरात तिला सगळे टकळी म्हणत, आणि मानसोपचाराच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली तीही त्याच पायी. परीक्षकांच्या गुणतक्त्यावर एकूण बारा मुद्दे. अकरांमध्ये तिला तोड नव्हती. गाडं अडायचं ते सातव्यापाशी: ‘रुग्ण गप्प असताना गप्प राहता येते.’ गप्प बसण्यालाही गुण असतात, हे ज्याने शोधून काढलं त्याच्या घरी टकळी नसावी. आजची खेप तिसरी आणि शेवटची. हुकली, की तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात.

“तोंडाला कुलूप घाल आणि किल्ली घरी ठेवून जा,” नवरा सकाळी म्हणाला होता. “मनात साठपर्यंत मोज.”

खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात तक्ता घेऊन परीक्षक बाई. रुग्णाचं सोंग घेणारी नटीही मागच्या दोन्ही वेळचीच. तिची गोष्ट टकळीला पाठ होती: आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून झोप नाही.

“आई गेली,” नटी म्हणाली. “गेल्या मंगळवारी.”

मंगळवारी? नटी चुकली, की आपल्याला बोलतं करायला लावलेला हा सापळा? नटी बाहीचं टोक पिळत होती. प्रश्न अगदी ओठांवर आला. पण कोपऱ्यातलं पेन उघडं होतं. टकळीने पाय फरशीवर घट्ट रोवले आणि मोजायला लागली. अठरा. एकोणीस. नटी आवाज न करता रडू लागली. एक्केचाळीस. साठ झाले तेव्हा कुठे तिने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

“सातव्यात पैकीच्या पैकी!” परीक्षक बाई म्हणाल्या. “पास झालात. आणि आज रडणंही काय झकास वठलं!”

बाहेर जिन्यापाशी नटी पाणी पीत उभी होती. पेला दातांवर वाजत होता. टकळीला राहवेना.

“मंगळवार खरा होता का हो?”

नटीने होकारार्थी मान हलवली. “त्यानंतर आज पहिल्यांदाच कामावर आले. खोटी आई सांगायला बसले आणि तोंडातून खरीच निघाली.”

“मला वाटलंच होतं,” टकळी बोलून गेली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मग विचारलं का नाहीत?”

टकळी गप्प राहिली. या वेळी तिने मोजलं नाही.