चौदावी खेळाडू

मार्च महिना लागला की कोबेतली माणसं चेरीच्या कळ्यांकडे बघू लागतात. चैत्राली माणसांकडेच बघायची. यंदा कोण जाणार, हे ओळखण्याचा तिला नादच लागला होता, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला जी मजा यायची ती कळ्या बघण्यात कधी आली नसती.

चैत्राली 'कोबे बोअर्स' क्लबाच्या बायकांच्या संघाची मॅनेजर, आणि खेळाडूही. बोअर म्हणजे रानडुक्कर. रोक्को डोंगरावरून हे प्राणी खुशाल खाली वस्तीत उतरतात, कुणाची कुंडी उलथून पुन्हा वर जातात, म्हणून क्लबाचं हे नाव. "आमची सूनबाई रानडुकरांच्या संघात खेळते" हे वाक्य तिच्या सासूबाईंनी चिंचवडमध्ये आजवर एकदाही उच्चारलेलं नाही. त्या "परदेशी फुटबॉल" एवढंच सांगतात, आणि ते काही खोटं नाही. हा फुटबॉल ऑस्ट्रेलियातला. चेंडू लांबट. तो लाथेने उडवायचा, नाहीतर मुठीचा ठोसा मारून जोडीदारणीकडे द्यायचा, फेकायचा मात्र नाही. आणि उंचावरून आलेला चेंडू जमिनीला टेकायच्या आत झेलला, की सगळ्यांनी मागे सरायचं आणि झेलणारीने निवांत किक मारायची. या झेलाला 'मार्क' म्हणतात. चैत्राली नाशिकला कॉलेजात थ्रोबॉल खेळलेली. वरून आलेला चेंडू तिच्या हातून सुटतच नसे.

सहा वर्षांपूर्वी ती स्वानंदच्या मागे जपानला आली. त्याचं सॉफ्टवेअरचं काम, कंपनीचं घर. तिच्या वाट्याला आल्या त्या चार भिंती आणि कचऱ्याचं वेळापत्रक. मग एका रविवारी मैदानाशेजारून जाताना भरकटलेला चेंडू थेट तिच्या डोक्यावर आला. भाजीच्या पिशव्या खाली टाकून तिने तो झेलला, परत द्यायला गेली, आणि संध्याकाळी खेळूनच घरी परतली. पुढे तिला मोत्यांच्या एका पेढीत नोकरी लागली, तिचा स्वतःचा व्हिसा झाला. पण कोबे तिचं झालं ते त्या रविवारी. स्वानंदही मागोमाग आला. त्याला धावायचा भारी कंटाळा, म्हणून तो गोलखांबांपाशी उभा राहून गोल झाला की नाही ते सांगायचं काम करू लागला. हे काम तो सहा वर्षं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाच्या चेहऱ्याने करत होता. बायको चेंडू घेऊन आली तरी त्याने कधी अर्ध्या इंचाची सूट दिली नाही.

यंदाची गोष्ट मात्र गंभीर होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळपर्यंत प्रत्येक क्लबाने चौदा खेळाडू नोंदवायच्या, असा लीगचा नियम. एक जरी कमी पडली तर संघ त्या मोसमापुरता बाद, आणि उरलेल्या खेळाडू इतर क्लबांत वाटल्या जाणार. बोअर्सकडे तेराच होत्या, आणि त्या तेरातल्याही कोण टिकतील याचा भरवसा नव्हता. कारण जपानी कंपन्या एप्रिलमध्ये बदल्या करतात. साहेब तुम्हाला आधी एकट्याला बोलावून कानात सांगतो, पण रीतसर जाहीर होईपर्यंत तुम्ही तोंडातून ब्र काढायचा नाही. म्हणजे जी जाणार तिला ठाऊक असतं, आणि मॅनेजरला सांगायची तिला चोरी.

यावर चैत्रालीने स्वतःचं एक शास्त्रच बनवलं होतं. उसनी छत्री परत केली म्हणजे संशय. झाडाची कुंडी शेजारणीला दिली म्हणजे दाट संशय. आणि सोदाई-गोमीचं स्टिकर दिसलं म्हणजे निकाल लागला. सोदाई-गोमी म्हणजे घरातला मोठा, अवजड कचरा. तो टाकायचा तर कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, स्टिकर विकत आणून त्यावर चिकटवावं लागतं. बिऱ्हाड हलणार नसेल तर मार्चमध्ये कोण कशाला कपाट फेकून देतंय?

नात्सुमी-सान ही संघातली सर्वांत वेगाने पळणारी. कोंबिनीत तिच्या हातात चैत्रालीने एक नाही, पाच स्टिकर पाहिली.

"नात्सुमी-सान, यंदा तुझे बूट क्लबाच्या पेटीत ठेवू, की घरी नेतेस?" चैत्रालीने जपानीत अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

नात्सुमीने मान खाली घातली. बराच वेळ तिने ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यांच्या, फडताळाचा अभ्यास केला. मग म्हणाली, "ओकायामाचे पीच फार गोड असतात म्हणे."

"हो का? मग खायलाच हवेत," चैत्राली म्हणाली, आणि दोघी हसल्या. नियम कुणीच मोडला नाही, पण संघ मात्र बारावर आला.

आता चैत्रालीच्या अंगात वारं शिरलं. दोन खेळाडू पाहिजेत, आणि हातात दहा दिवस! पेढीत मोती निवडताना ती फोन करी, जेवताना फोन करी, गाडीत फोनवर बोलायची इथे रीत नाही म्हणून एक स्टेशन आधी उतरून फोन करी. नकार मिळाला की चिडे, आणि लगेच पुढचा नंबर फिरवे. शेवटी तिने क्योतोला अंबरीषला गाठलं. अंबरीष साताऱ्याचा, तिथे पीएच.डी. करणारा, आणि क्योतोच्या बायकांच्या संघाचा मॅनेजर. त्याच्याकडे विद्यापीठातल्या मुलींची नुसती झुंबड होती, निम्म्या बाकावरच बसून असायच्या.

"दोन दे," चैत्राली म्हणाली.

"देतो की. तुम्ही इकडे या."

"अंबरीष, मी मस्करी करत नाहीये."

"मीपण नाही, ताई. तुमच्यासारखं मार्क घेणारं कोणी नाही आमच्याकडे."

मग घासाघीस सुरू झाली. ती म्हणाली, सराव घ्यायला येते. तो म्हणाला, नको. तो म्हणाला, एक देतो. तिने फोन ठेवून दिला, आणि पाच मिनिटांत त्याचाच उलटा फोन आला.

"हारुका आणि मेइ. दोघी. पण ताई, एक अट. या दोघी तुमच्याकडे बघून यायला तयार झाल्यात. तुमच्याकडून मार्क शिकायचाय त्यांना. तुम्ही सबंध सीझन कोबेत असणार, असा शब्द द्या. नाहीतर मी नाही सोडत."

"अरे, मी कुठे जातेय!" चैत्राली म्हणाली. "दिला शब्द."

बारा आणि दोन चौदा! ती स्टेशनच्या फलाटावर अक्षरशः नाचली. एका म्हाताऱ्या जपानी आजोबांनी कौतुकाने तिला किंचित वाकून दाद दिली, तिनेही वाकून स्वीकारली.

शनिवारी दुपारी ती घरी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली. तिथे स्वानंदचं लिहायचं टेबल उभं करून ठेवलं होतं, आणि त्याच्या पायाला सोदाई-गोमीचं स्टिकर चिकटवलेलं होतं.

बघता बघता मागचे दहा दिवस डोळ्यांसमोरून गेले. स्वानंदने शेजाऱ्यांचा स्क्रू ड्रायव्हर परत केला होता. तांदळाची नेहमीची मोठी पिशवी न आणता लहान आणली होती. साऱ्या गावाची टेहळणी करणाऱ्या या बाईला घरातलं एक दिसलं नव्हतं. चिमटे तसेच हातात धरून ती आत आली. स्वानंद कचऱ्यासाठी बाटल्यांची झाकणं वेगळी करत बसला होता.

"टोकियोचे आंबे गोड असतात का रे?" तिने विचारलं.

तो दचकला. "टोकियोत कुठले आंबे?"

"मग नागोयाचे?"

स्वानंदने एक झाकण पिशवीत टाकलं, मग दुसरं टाकलं. "योकोहामाचा समुद्र चांगला आहे म्हणतात," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"स्वानंद! किती दिवस झाले तुला कळून?"

"दहा. चैतू, साहेबांनी सांगितलं होतं, सोमवारी नोटीस लागेपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाच बोलायचं नाही."

"कुणाला म्हणजे बायकोला?"

"त्यांनी बायको सोडून असं म्हटलं नव्हतं."

आता याला काय म्हणावं! त्याच्या ऑफिसातल्या झाडून सगळ्या जपानी नवऱ्यांनी त्याच रात्री घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं. साहेबानेही स्वतःच्या वेळी हेच केलं असणार. नियम अक्षरशः पाळला तो एकट्या चिंचवडच्या स्वानंद गोगट्याने. चैत्रालीला हसू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

"मी शब्द देऊन बसलेय," ती म्हणाली. "मी गेले तर त्या दोघी येणार नाहीत. बारातली मी वजा, म्हणजे उरल्या अकरा. संघ संपला. सहा वर्षांचा संघ, स्वानंद!"

"योकोहामालाही असेल ना एखादा क्लब. तिथे तर तुला उड्या मारून घेतील. आणि घर मोठं मिळतंय."

"मी येणार नाही."

स्वानंदच्या हातातलं झाकण घरंगळत फ्रिजखाली गेलं.

"डुकरांसाठी?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"माझ्यासाठी. चिंचवडहून इकडे आलो तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस. मलाही विचारून घ्यावंसं वाटलं नव्हतं. तू निघालास, मी बॅग भरली. या वेळी विचार."

त्याने झाकणांची पिशवी बाजूला सारली. मग खरंच विचारलं, "येशील?"

"नाही. हा सीझन नाही." ती म्हणाली. "इथे नवरे एकटे राहतातच की बदलीच्या गावी. तुझ्या ऑफिसातले निम्मे राहतात. मी येत जाईन, तू येत जा."

स्वानंद उठला. त्याने फ्रिजखाली झाडू घालून झाकण काढलं आणि पिशवीत टाकलं. संध्याकाळी दोघांनी आपापल्या ताटात बघत खिचडी खाल्ली.

रविवारी रोक्को आयलंडच्या मैदानावर जत्रा भरल्यासारखं झालं होतं. सगळ्या खेळाडू आल्या होत्या, काहींची मुलंबाळंही. चैत्राली मांडीवर लॅपटॉप घेऊन बाकावर बसली होती. स्वानंद नेहमीसारखा लांब गोलखांबांपाशी होता. सकाळपासून दोघांत चहा-साखरेपलीकडे बोलणं नव्हतं. बारापैकी अकरा नावं भरून झाली होती, स्वतःचं राहिलं होतं. क्योतोची गाडी आली, आणि अंबरीष हारुका-मेइला घेऊन धावतच मैदानात शिरला. मुलींच्या डोळ्यांत नुसता उत्साह. मेइने आल्या आल्या चैत्रालीचे हात हातात घेऊन तळवे निरखून पाहिले.

"दोघींची नावं घाला, ताई," अंबरीष म्हणाला. मग थांबला. "काय झालं? तुमचा चेहरा असा का? तुम्ही नक्की आहात ना?"

"आहे."

"ताई, कालच कुणीतरी म्हणालं, स्वानंददादांच्या कंपनीत यंदा बऱ्याच बदल्या आहेत. खरं सांगा. दादांची बदली झाली तर तुम्ही राहाल?"

राहीन म्हणावं तर त्याच्या बदलीची बातमी फुटते. काही नाही म्हणावं तर उद्या नोटीस लागल्यावर ती खोटी ठरणार. बोलायचा हक्क तिचा नव्हता. साऱ्या मुली तिच्या तोंडाकडे बघू लागल्या, आणि ते घट्ट मिटलेलं पाहून त्यांना काय समजायचं ते समजलं. हारुकाने पाठीवरची बॅग पुन्हा सावरली. अंबरीषने हळूच घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात मैदानावरून कुणीतरी पळत येताना दिसलं. सहा वर्षांत पहिल्यांदा स्वानंद धावत होता. धापा टाकत तो घोळक्यात शिरला, आधी अंबरीषकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे, आणि आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत खणखणीत बोलला, "माझी योकोहामाला बदली झाली आहे. हे मी उद्यापर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. मी एकटा जाणार आहे. माझी बायको इथे राहणार आहे, कारण तिचा संघ इथे आहे."

घोळक्यातल्या जपानी मुली एकमेकींकडे बघू लागल्या. नोटीस लागायच्या आधी कुणी असं चारचौघांत बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग नात्सुमी मोठ्याने ओरडली, "ओकायामा! मी ओकायामाला!" आणि एकच हशा पिकला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मेइने बॅग गवतावर भिरकावली, तिच्या मागोमाग हारुकाने.

चैत्रालीने दोघींची नावं घातली. मग बाराव्या ओळीत अडून राहिलेलं स्वतःचं. डोळे इतके भरले होते की अक्षरं दिसेनात. अंबरीषने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, ताई, इथे दाबा. तिने दाबलं. चौदा! कोबे बोअर्स खेळणार होते. पोरींनी तिला उचलायचा प्रयत्न केला आणि सगळ्या मिळून गवतावर कोसळल्या.

त्या ढिगातून ती उठली, गुडघ्याला माती, केसांत गवत, आणि स्वानंदपाशी गेली. तो अजून धापाच टाकत होता.

"साहेब रागावतील," ती म्हणाली.

"रागावू देत." त्याने घाम पुसला. "मी दहा दिवस आधी विचारलं असतं, तरी नाहीच म्हणाली असतीस ना?"

"हो."

"मग एकच झालं."

"एक नाही झालं," चैत्राली म्हणाली. "दहा दिवस आणखी भांडता आलं असतं तुझ्याशी. आता तू जायला पाचच उरलेत." आणि साऱ्या संघासमोर ती त्याच्या गळ्यात पडून रडली.