आडवी डहाळी

गावाबाहेरची वाट

धावडखोरीत रिकाम्या हातानं कुणी वाटेला लागत नाही. कुऱ्हाड असते, दोर असतो, टोपली असते. काहीच नसलं तर परसाकडचं टमरेल तरी असतं. येताना डोक्यावर मोळी, ओट्यात मोहाची फुलं, नाहीतर पुढे हाकललेलं चुकार वासरू. त्यामुळे जनकाबाईचा भाऊ माणिकराव अकोल्याहून बहिणीकडे राहायला आला आणि रोज सकाळी नुसती काठी घेऊन डोंगराकडे जायला लागला, तेव्हा गावाच्या आधी बकऱ्या राखणाऱ्या झुंबरबाईनं त्याच्यावर नजर ठेवली.

तिला कारण होतं. ते कारण वर, बंदी जंगलात होतं, आणि ओलं होतं.

पण आधी गाव काय म्हणत होतं ते ऐकू.

पारावर

पुंजाजी विचारत होता, शेषराव सांगत होता.

"कोठी गेल्ता म्हणे तो?"

"फिराले."

"ढोर हरपलं का त्याचं?"

"नाई."

"मंग?"

"मंग काई नाई. फिराले."

"आन् येतानी आणलं काय?"

"काईच नाई. काडीभी नाई. झाडाखाली उभा राह्यते, वर पाह्यते. पान तोडते, वास घेते, फेकून देते."

"पाह्य बे. म्हंजे डोळ्यातच भरून नेऊन राह्यला."

रहेमतुल्ला पिंजारी पारावरच बसला होता. तो म्हणाला, "आधी नागपूरचा सायब मोजाले ये. मंग मुंबईचा येऊ लागला. आता महाराष्ट्र झाला, तं नव्यानं मोजतीन."

"मोजू दे ना. मोजल्यानं काय डोंगर कमी होते?"

"डोंगर नाई कमी होत. त्याच्यातला आपला कमी होते."

झुंबरबाई घागर घेऊन बाजूनं चालली होती. तिनं पावलं आखडली आणि सगळं ऐकलं. विहिरीवर जनकाबाई भेटली. तिला झुंबरबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे भाऊ रोज जातेत वर?"

"हाव ना माय. काळजाले झटका आल्ता त्याच्या. डाक्तरनं सांगतलं, रोज चाला, पन काई उचलू नोका."

"काळजाचा रोगी डोंगर चढते काय?"

"आता डाक्तरले म्या शिकवू?"

झुंबरबाई हसली. विश्वास तिनं मुळीच ठेवला नाही.

झिऱ्याची वाट

सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुडा एकदम उभा राहतो, आणि त्याच्या पायाशी धावडखोरी आहे. शेवटचं शेत संपलं की कोरडा नाला लागतो. नाल्यातून पळसांमधून वर गेलं की गुडघे दुखायला लागतात; मग सालईची पांढरी झाडं येतात, मग फाटा. फाट्यावरून डाव्या हाताला वळलं की एका झुकलेल्या काळ्या खडकाच्या पोटात काथवटीएवढा खड्डा आहे. चैत-वैशाखात, गावची विहीर तळाचा गाळ दाखवते तेव्हाही, त्या खड्ड्यात पाणी झिरपतं. भराभर नाही. एक बकरी पिऊन बाजूला झाली की दुसरीनं थांबायचं.

हा झिरा झुंबरबाईला नवऱ्यानं दाखवला होता आणि मरताना बजावलं होतं की सांगू नको. जंगलखात्याच्या नाकेदाराला कळलं तर बकऱ्या कोंडवाड्यात जाणार आणि वाटेवर काटे पडणार. गावाला कळलं तर दुपारपर्यंत खड्डा कोरडा होणार. दोन्हीकडून बकऱ्या मरणारच होत्या. आणि मुलगा मलकापूरकडे सडकेच्या कामावर, घरी ती आणि सून, दोघींचं पोट त्या बकऱ्यांवर. म्हणून झिरा फक्त सुनेला, कोकिळेला माहीत होता. पोटच्या पोराला सांगितलेला नव्हता.

झुंबरबाई तांबडं फुटायच्या आत बकऱ्या घेऊन निघे. कोकिळा उन्हं वर आल्यावर भाकरी आणि पाणी भरायची गुंडी घेऊन मागून येई. दोघी एकत्र दिसल्या असत्या तर कुणीतरी विचारलं असतं.

उजव्या हाताची वाट

फाट्यावरून उजवीकडेही एक वाट जाते. तिच्यावर सुटे दगड आहेत. तिनं कुणी जात नाही, म्हणून सांगण्यासारखं काही नाही.

फाटा

इकडे एक रीत आहे. जंगलात पुढे गेलेल्या माणसाला एखादी वाट नको वाटली, तिकडे अस्वल दिसलं, मोहोळ उठलं, नाकेदाराची टोपी दिसली, की तो हिरवी डहाळी तोडतो आणि त्या वाटेवर आडवी टाकतो. मागून येणारा ती पाहतो आणि दुसरीकडे वळतो. का टाकली हे कुणी विचारत नाही. आडवी डहाळी ओलांडलेला माणूस धावडखोरीत कुणी पाहिलेला नाही. लेकरंसुद्धा ओलांडत नाहीत.

त्या दिवशी झुंबरबाई बकऱ्यांसह फाट्यावर पोचली आणि खाली नाल्यात काठी वाजली. दगडावर टक्. थांबली. पुन्हा टक्.

इतके दिवस माणिकराव पळसांपर्यंत येऊन परत फिरत होता. आज तो वर चढत होता.

ती काय करणार होती? बकऱ्या मागे वळवल्या तर समोरासमोर गाठ. पुढे गेली तर तो मागोमाग झिऱ्यावर. तिनं पळसाची चांगली पानाळ डहाळी मोडली, डाव्या वाटेवर आडवी टाकली आणि बकऱ्या पुढे काढल्या. आता तो उजवीकडे जाईल, दगडांत दमेल, परत फिरेल. मग कोकिळा यायच्या आत खाली येऊन डहाळी उचलायची.

डोकं चाललं याचा तिला आनंदही झाला थोडा.

डाव्या हाताची वाट

दुसरी बकरी पाण्याला लागली होती तेवढ्यात तो खडकामागून आला. धोतराचा सोगा खोचलेला, कपाळावर घाम, हातात काठी. दुसरं काही नाही.

"नमस्कार," तो म्हणाला.

झुंबरबाईनं आधी त्याच्या मागची वाट बघितली. मग विचारलं, "कोणत्या वाटेनं आले जी?"

"याच. मध्ये एक फांदी पडली होती. ओलांडली."

तो हे असं म्हणाला की जणू फांदीच ती, पडली होती, ओलांडली. झुंबरबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शहरातल्या माणसाला डहाळी वाचता येत नसेल असं काही तिच्या मनात आलं नाही. आलं ते हे, की समजून उमजून ओलांडून येणारा माणूस साधा नसतो.

माणिकराव दगडावर बसला. खड्ड्याकडे बघितलं, बकऱ्यांकडे बघितलं.

"छान जागा आहे. खाली कुणी बोललं नाही या पाण्याबद्दल."

"कोणाले माईत नाई."

"तुम्हाला आहे की."

यात धमकी आहे की गंमत, हे तिला कळेना. तिनं त्याच्या सदऱ्याचा खिसा बघितला, तो किती फुगलाय ते. हात बघितले. नाकेदारानं धाडलं असेल तर तो आता बकऱ्या मोजेल. तो बकऱ्या मोजत नव्हता. वर सालईच्या खोडाकडे बघत होता. म्हणजे जागा पाठ करत असेल.

"थोडं पाणी पिऊ का?" त्यानं विचारलं.

दारी आलेल्या भिकाऱ्यालाही तिनं कधी पाण्याला नाही म्हटलं नव्हतं.

"बकऱ्याचं उष्टं हाय," ती म्हणाली.

तो बरं म्हणाला आणि तिथंच बसून राहिला. तीही बसली. तो जाईना. त्याला एकट्याला झिऱ्याजवळ सोडून तिचाही पाय उठेना. एकेक बकरी पुढे होत होती, मागे होत होती. झुंबरबाई त्याच्यावर नजर रोखून होती, इतकी की ऊन खडकावरून खाली उतरलं, भाकरीची वेळ टळत आली, आणि फाट्यावर काय पडलंय हे ती साफ विसरली.

मग उजवीकडच्या उतारावरून आवाज आला. पितळेची गुंडी दगडावरून दगडावर आपटत खाली जाते तो.

उजव्या हाताची वाट, पुन्हा

कोकिळा दगडांच्या घसरणीखाली बसली होती. भाकरीचं फडकं वर कुठंतरी अडकलं होतं. उजवा पाय घोट्यापाशी भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती, रागात होती.

"डाव्या वाटेवर डहाळी व्हती," ती म्हणाली. "मले वाटलं नाकेदार आला. तुमी इकून गेल्या असान म्हणून आली मी."

झुंबरबाई तिचा पाय हातात घेऊन बसली.

"कोणं टाकली डहाळी, आत्याबाई?"

"म्या."

"आन् तुमी कोठी व्हत्या?"

"झिऱ्यावर."

कोकिळेनं सासूकडे बघितलं. "आपल्यासाठी टाकली नाई मंग. कोणाले तरी चुकवाले टाकली."

माणिकराव मागून हळूहळू आला. छातीवर हात ठेवून उभा राहिला. त्यानं पाय बघितला, वाकायला गेला आणि सरळ झाला.

"मला उचलता येणार नाही, बाई. मनात असलं तरी."

"माईत हाय," झुंबरबाई म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा तिला ते खरं असावं असं वाटलं, पण पुरतं नाही.

"मी खाली जाऊन माणसं आणतो. बाज लागेल. कुठून यायचं सांगू त्यांना?"

झुंबरबाईनं वर बघितलं. त्या दगडांवरून मोकळा माणूस सावरेना, चौघं बाज घेऊन कुठले सावरतात. बाज यायची तर डावीकडून, झिऱ्याच्या अंगावरून, खडकाला वळसा घालून. दुसरी वाट नव्हती. आणि येणारे आंधळे नव्हते. तिथं बकऱ्या उभ्या होत्या.

"इकूनच आणा," ती उजवीकडे हात करून म्हणाली.

"इकडून बाज येईल?"

"येईन."

"आत्याबाई," कोकिळा म्हणाली, "आता तिघंचौघं पाडता काय?"

माणिकराव थांबून होता. तो घाई करत नाही याचाच झुंबरबाईला संशय आला. याच एका शब्दासाठी हा इतके दिवस हिंडत असेल, आणि आता तो आपल्याच तोंडून काढून घेईल.

कोकिळेचा पाय तिच्या मांडीवर गरम लागत होता.

"डाव्या हातानं या म्हणा," ती म्हणाली. "झिऱ्यावरून."

"झिरा म्हटलं तर कळेल त्यांना?"

"नाई कळत. तुमीच दाखवा."

उतरणीची वाट

माणिकराव पुन्हा वर आला नाही. त्यानं फाट्यापर्यंत येऊन, डहाळी काठीनं बाजूला सारून वाट दाखवली आणि तिथंच बसला, असं नंतर कळलं. तिनं सांगितलं त्याहून एक अक्षरही जास्त तो बोलला नव्हता, हेही नंतर कळलं.

वर आले ते पाच जण: रहेमतुल्ला, त्याचे दोघे भाऊ, शेषराव आणि पुंजाजी. बाज रहेमतुल्लाच्या घरची होती. उन्हातून चढून आलेली माणसं. झिरा दिसल्यावर पाचही जण थबकले. बाज टेकवली. एकेकानं ओणवं होऊन तोंड लावलं. शेषरावाचं पिऊन झालं तेव्हा खड्ड्यात ओला गाळ उरला होता.

मग कोकिळेला आणलं, बाजेवर निजवलं. पाय बांधला. ती ओठ दाबून होती.

पुंजाजी मात्र खडकाच्या कडेनं हिंडत होता. तिथं लेंड्यांचा थर होता. त्यानं पायाच्या अंगठ्यानं तो उकरला. वर ताज्या, खाली वाळून राखाडी झालेल्या, त्याखाली माती झालेल्या. मागच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून पुंजाजीच्या दावणीला एक बकरी उरली नव्हती.

"वयनी," तो म्हणाला, "कधीपासून हाय हे?"

"औंदाच सापडलं," झुंबरबाई म्हणाली.

कोकिळेनं बाजेवर पडल्या पडल्या तोंड फिरवलं.

रहेमतुल्ला म्हणाला, "चला, उचला. पोरीले ऊन लागून राह्यलं." त्यानं, त्याच्या भावांनी आणि शेषरावानं बाजेचे चार खूर खांद्यावर घेतले. झुंबरबाई बकऱ्या हाकायला वळली. अर्ध्या बकऱ्या अजून प्यायच्या होत्या. खड्ड्यात पाणी नव्हतं.

"चला तुमी," पुंजाजी त्या चौघांना म्हणाला. "मी थांबतो."

"कायले?" शेषराव म्हणाला.

"किती येते ते पाह्यतो. कितीकाची तहान भागते ते."

बाज खडकाला वळसा घालून दिसेनाशी झाली. सुनेबरोबर जायला हवं होतं, हे झुंबरबाईला कळत होतं. पण बकऱ्या तहानल्या होत्या, आणि पुंजाजी खड्ड्याच्या एका अंगाला मांडी घालून बसला होता. ती दुसऱ्या अंगाला बसली. खडकाच्या पोटातून एक थेंब सुटला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. पुंजाजी पाण्याकडे बघत होता. झुंबरबाई पुंजाजीकडे.